जमिनीचा कागद मिळाला, पुढे काय?

प्रश्न : आफ्रिकेतील शेतकऱ्यांना जमिनीची मालकीपत्रे दिल्यास त्यांना कर्ज मिळेल आणि गरिबी हटेल, असे वाचले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : अंशतःच. केनियात ब्रिटिश वसाहती सरकारच्या १९५४च्या शेतीसुधारणेच्या स्विनर्टन योजनेपासून रूढीने कसल्या जाणाऱ्या जमिनींची वैयक्तिक नोंदणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. मात्र नोंद बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावे झाल्यामुळे त्याच जमिनीवर राबणाऱ्या स्त्रियांचा परंपरागत हक्क कागदावर उमटलाच नाही. कर्जाची अपेक्षाही फारशी फळली नाही, कारण लहानशा तुकड्यावर, तोही जप्त करून विकणे अवघड असताना, बँका सहसा पैसे देत नाहीत. आणि असलेली एकमेव जमीन गहाण टाकायला शेतकरी कचरतो, ते माझ्या मते शहाणपणाचेच आहे.

इथिओपियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील १९९५च्या संविधानानुसार जमीन राज्याची व जनतेची असून तिची विक्री करता येत नाही. तरीही १९९८पासून तिग्राईत, पुढे इतर प्रांतांतही, अल्प खर्चात वहिवाटीची प्रमाणपत्रे देण्यात आली. जमीन काढून घेतली जाण्याची भीती कमी झाल्यावर बांधबंदिस्तीत श्रम घालण्याची आणि जमीन दुसऱ्याला कसायला देण्याची तयारी वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजे मालकीपेक्षा शाश्वती महत्त्वाची ठरली.

रवांडात २००९नंतर काही वर्षांतच सुमारे एक कोटी तुकड्यांची नोंद झाली आणि पत्नीचे नावही लागले, परंतु ज्यांच्या विवाहाची कायदेशीर नोंदणी झालेली नव्हती, त्या स्त्रियांना हे संरक्षण तितकेसे लाभले नाही.