माशी शिंकली की पाचर मारली?

प्रश्न थोडक्यात असा: 'होगन्स हीरोज' या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेची मराठी सबटायटल्स लिहिताना 'सॅबोटाज' हा शब्द वारंवार आडवा येतो. कैदी गुपचूप शत्रूची नवी तोफ किंवा रॉकेट बिघडवून ठेवतात. तिथे 'घातपात' लिहिलं की प्रसंगातला विनोदच जातो. मग दुसरा शब्द कोणता? आणि असले उद्योग करणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

एका शब्दात उत्तर नाही. तुम्हाला निदान तीन शब्द लागतील, कारण एकाच करामतीला मराठीत बोलणाऱ्यागणिक नाव बदलतं.

मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: १९६५ ते १९७१ या काळात सीबीएस वाहिनीवर हिचे १६८ भाग झाले. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. जर्मनीत हॅमेलबुर्गजवळ युद्धकैद्यांची छावणी, स्टालाग १३. तिचा प्रमुख कर्नल क्लिंक अभिमानाने सांगतो की इथून आजवर एकही कैदी पळालेला नाही. ते खरंच असतं. अमेरिकी कर्नल होगन आणि त्याची माणसं भुयारातून बाहेर जातात, काम उरकतात आणि हजेरीला परत येऊन उभी राहतात. (म्हणजे 'हातावर तुरी देणे' इथे चालणार नाही. तुरी देणारा परत येत नसतो.)

आता 'घातपात'. हा शब्द आपल्याला मुख्यतः वर्तमानपत्रांनी शिकवला, आणि तोही जोडीने: 'अपघात की घातपात?' रेल्वेचे डबे घसरले, कुणी विहिरीत सापडलं, गोदामाला आग लागली, की हा मथळा ठरलेला. त्यामुळे मराठीतला घातपात सॅबोटाजपेक्षा बराच रुंद आहे. त्यात यंत्र बिघडवणं येतं तसा संशयास्पद मृत्यूही येतो. शब्द कानावर पडला की आधी पंचनामा डोळ्यांपुढे येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. घातपात हा ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूचा शब्द आहे. १९४२च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने कर्जत-माथेरानच्या डोंगरांत वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. ही गोष्ट सांगताना आपण 'मनोरे पाडले' असंच म्हणतो. 'कोतवालांनी घातपात केला' हे वाक्य जिभेवर येत नाही, कारण ते वाक्य इंग्रज सरकारच्या फायलीतलं होईल. करणारा स्वतःच्या कामाला साध्या क्रियापदाने सांगतो: पाडलं, तोडलं, उखडलं.

म्हणून तुमच्या सबटायटल्समधून घातपात काढून टाकू नका, तो गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, मेजर होखश्टेटरच्या तोंडी द्या. तो छावणीत येऊन 'हा घातपात आहे!' असं ओरडला की शब्द अगदी जागेवर बसतो, आणि त्याच्या तोंडी असल्यामुळे विनोदीही होतो. होगनने मात्र तो उच्चारू नये.

या शब्दाचा जडपणा उगाच नाही, हेही इथेच सांगून टाकतो. हार्त्स पर्वतात नॉर्डहाउझेनजवळ डोरा नावाची छळछावणी होती. ऑगस्ट १९४३ मध्ये बुखेनवाल्ड या मोठ्या छळछावणीची उपछावणी म्हणून ती सुरू झाली, आणि तिथल्या बोगद्यांत कैद्यांकडून व्ही-२ रॉकेटं जोडून घेतली जात. काही कैदी खरोखरच मुद्दाम कच्चं काम करत. नुसत्या संशयावरूनही माणसांना फासावर चढवलं जाई, आणि ते इतरांना बघायला लावलं जाई. त्या हकिकतीत घातपात हाच शब्द लिहावा, तिथे पुढचे गमतीचे शब्द शोभणार नाहीत. मालिकेत फ्रेंच कैदी लबो झालेला रॉबर्ट क्लॅरी स्वतः बुखेनवाल्डमधून वाचलेला होता. क्लिंकचं काम करणारा वेर्नर क्लेम्पेरर नाझी जर्मनी सोडून आलेल्या कुटुंबातला. क्लिंक कधीही जिंकता कामा नये, या अटीवर त्याने ती भूमिका घेतली. तेव्हा या हसण्यामागची माणसं काय विसरून हसत होती असं कुणी म्हणू नये.

आता क्लिंककडे या. चाचणीच्या दिवशी बडे जनरल जमलेले आहेत, रॉकेट उडायच्या ऐवजी भलतीकडेच जातं. क्लिंकला घातपात दिसत नाही. तो काय म्हणेल? 'सगळं व्यवस्थित होतं हो, कुठे माशी शिंकली कळत नाही.' मला विचाराल तर या मालिकेसाठी मराठीने दिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच. माशी शिंकली म्हणताना दोष कुणाकडेच जात नाही, कर्ता फक्त ती माशी. आणि ज्यांनी तिला शिंकायला लावलं ते मागे रांगेत सावधान उभे आहेत. प्रेक्षकाला माहीत, क्लिंकला नाही. विनोद तुम्हाला वेगळा घालावा लागत नाही, तो वाक्प्रचारातच आहे.

तिसरी बाजू करणाऱ्यांची, आणि इथे मराठीचं कपाट भरलेलं आहे. पहिला शब्द 'पाचर मारणे'. लाकडाच्या फटीत बेमालूम ठोकलेला तुकडा, बाहेरून दिसत नाही, पण काम अडतं. होगनने आपल्या टोळीतल्या कार्टरला 'पाचर मारलीस?' असं विचारावं आणि त्याने नुसती मान हलवावी.

पाचरीवरून ओघाने पंचतंत्रातला वानर आठवतो. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून त्याने पाचर उपटली आणि जिवाला मुकला. (शाळेच्या पुस्तकात त्याची शेपटी अडकते. मूळ संस्कृतात काय अडकतं ते ज्याचं त्याने पाहावं.) 'अव्यापारेषु व्यापार' हा आपण येता-जाता वापरतो तो वाक्प्रचार याच गोष्टीतल्या श्लोकाचा. मालिकेतही पाचर मारणारे सुरक्षित अंतरावर असतात, आणि बिघडवलेल्या यंत्राचा दांडा ओढून बघायची हौस नेमकी क्लिंकला येते.

दुसरा शब्द 'खोडा घालणे', आणि हा माझा आवडता. खोडा म्हणजे मुळात कैद्याचे पाय अडकवून ठेवण्याचं लाकडी साधन. ज्यांच्या पायात खोडा असायला हवा तेच पहारेकऱ्यांच्या कामात खोडा घालतायत. आणि गंमत म्हणजे फ्रेंच शब्दाच्या मुळाशीही पायातलं लाकूडच आहे. 'साबो' म्हणजे लाकडी जोडा. चिडलेल्या कामगारांनी हे जोडे यंत्रात फेकले आणि त्यावरून सॅबोटाज आला, ही कहाणी सगळीकडे सांगितली जाते. ती रंगतदार आहे, पण शब्द तसा आलेला दिसत नाही. 'साबोते' या क्रियापदाचा अर्थ लाकडी जोड्यांनी खडखड करत चालणे, आणि त्यावरून काम धसमुसळेपणाने, वाईट करणे. १८९७ मध्ये तुलूझ इथल्या कामगार अधिवेशनात एमिल पूजे आणि त्याच्या साथीदारांनी तो लढ्याचं हत्यार म्हणून मांडला. सूत्र असं: मजुरी वाईट तर कामही वाईट. जसं दाम तसं काम म्हणा. १९१०च्या फ्रेंच रेल्वे संपानंतर शब्द इंग्रजीत रुळला, स्फोट आणि पूल उडवणं त्याला नंतर चिकटलं.

म्हणजे मूळ सॅबोटाज हा घातपातापेक्षा 'पाट्या टाकणे' याच्या जवळचा, फक्त मुद्दाम टाकलेल्या पाट्या. आणि त्याहूनही जवळचा शब्द आपण अडगळीत टाकलाय: 'वेठ मारणे'. वेठ म्हणजे सक्तीचं, बिनमोबदल्याचं काम. असं काम माणूस कसं करणार? मन न घालता, कसंबसं. म्हणून 'वेठ मारली' म्हणजे काम नुसतं उरकलं. कैद्याला कामाला जुंपलं आणि त्याने वेठ मारली, इतकं नेमकं वर्णन फ्रेंचलाही साधलेलं नाही. युद्धकैद्यांना शस्त्रं बनवायच्या कामाला लावू नये, असं १९२९चा जिनिव्हा करार बजावतो. तरी क्लिंकने त्यांना नव्या तोफेला वंगण द्यायला लावलंच तर होगनने म्हणावं, 'मारा रे वेठ, पण नीट मारा.'

विषय निघालाच आहे तर आणखी एक. अमेरिकेच्या युद्धकालीन हेरखात्याने, ओएसएसने, १७ जानेवारी १९४४ला शत्रूच्या ताब्यातल्या देशांतल्या साध्या नागरिकांसाठी सॅबोटाजची एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यात हत्यारं आणि इंधनाच्या टाक्यांबरोबर कचेऱ्यांसाठीही सूचना आहेत: प्रत्येक बाब समितीकडे सोपवा, समिती पाचांहून कमी माणसांची नसावी, इतिवृत्तातल्या शब्दरचनेवर वाद घाला, मागच्या सभेत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढा. यातलं काहीही आमच्या गृहनिर्माण सोसायटीला शिकवावं लागलं नाही. याला घातपात म्हणणार? याला मराठीत 'भिजत घोंगडं' म्हणतात.

काही शब्द मात्र टाळा. 'तोफेशी छेडछाड' हे हिंदीच्या वाटेने आलेलं. मराठी कानाला कुणीतरी तोफेची वाट अडवून तिला शीळ घातल्यासारखं वाटतं. 'फेरफार' म्हटलं की तलाठी आठवतो. 'तोडफोड' जमावाची असते, ती उघड्यावर होते. 'बिब्बा घालणे' ठरत आलेल्या लग्नाला किंवा सौद्याला ठीक, यंत्राला नाही, आणि 'काडी टाकणे' दोन माणसांत भांडण लावण्यासाठी. होगन क्लिंक आणि त्याचा वरिष्ठ जनरल बुर्खहाल्टर यांच्यात ती नेमाने टाकतो, तिथे जरूर वापरा.

तोफेचाच प्रसंग असेल तर जुना, नेमका प्रयोग हाताशी आहे. जुन्या तोफेच्या मागच्या बाजूला बत्ती द्यायचं भोक असे, त्याला तोफेचा कान म्हणत. माघार घेताना तोफा बरोबर नेता येत नसल्या तर त्या कानात खिळे ठोकून त्या निकामी करत. शब्द सुंदर आहे, पण ठोकलेला खिळा दिसतो, आणि मालिकेतली गंमत तर न दिसण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या तोफेला असा कानही नसतो. म्हणून तो एखाद्या कैद्याच्या बढाईत वापरा: 'साहेब, तोफेच्या कानात खिळा ठोकून आलोय.' तपशिलात जायचं तर गॅरेजची भाषा घ्या: बोल्टचे आटे घालवले, स्प्रिंग ढिली केली, नळीत बोळा कोंबला. यंत्राच्या बाबतीत 'आटे घालवले' यापेक्षा बोचरं मला काही सुचत नाही. बाहेरून बोल्ट जसाच्या तसा, आणि आवळायला गेलं की नुसता फिरतो.

राहिला करणाऱ्याचा शब्द. 'घातपाती' हा पोलिसांचा, तो मेजरकडेच राहू द्या. या टोळीला मी 'उपद्व्यापी' म्हणेन. त्यात खोडकरपणा आहे, चिकाटी आहे, आणि दुसऱ्याच्या डोक्याला होणारा ताप तर आहेच. हा शब्द सार्जंट शुल्ट्झला द्या, तो लठ्ठ पहारेकरी, ज्याला सगळं दिसतं आणि जो 'मी काही पाहिलं नाही, मला काही ठाऊक नाही' म्हणत कानाडोळा करतो. बराकीत शिरताना त्याने 'काय रे उपद्व्यापी कार्ट्यांनो!' म्हणावं. होगनपुढे मात्र 'कर्नलसाहेब' असू द्या. शत्रूचा का होईना, तो कर्नल आहे, आणि शुल्ट्झ हुद्दा विसरत नाही.