मन भरलेलं, चित्र कोरडं
वाचकांचे प्रश्न, चित्रकार ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहते, हौस म्हणून वॉटरकलर करते. मार्चमध्ये आई गेली. तेव्हापासून तिचं चित्र काढायला बसते, रडू येतं, पण कागदावर उतरते ती कॅलेंडरवरची कुठलीतरी बाई. असं का होतं?

उत्तर : रडणं आणि चित्र काढणं एकाच वेळी होत नाही हो, निदान मला तरी जमत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भाव वेगळा आणि रस वेगळा ठेवलाय तो उगाच नाही. शोक घरात होतो, करुण रस मात्र कुणीतरी बसून रचावा लागतो. गडकरी रंगायतनला मागच्या रांगेतली माणसं डोळे पुसत असतात ना, तेव्हा स्टेजवरची नटी पुढचं वाक्य, लाइट कुठे पडतोय, सगळं भान ठेवून असते.

पिकासोचं गेर्निका हे चित्र घ्या. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी स्पेनच्या सरकारने १९३७ च्या जानेवारीतच त्याच्याकडे मोठं चित्र मागितलं होतं आणि त्याचं काही धड जमत नव्हतं. मग २६ एप्रिलला, यादवी युद्ध चालू असताना, स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, १ मेला स्केचेस सुरू. संताप होताच, पण संतापाच्या भरात ब्रश फिरवला आणि झालं असं नाही, घोडा, बैल, मेलेलं लेकरू घेतलेली आई, परत परत काढत राहिला, आणि पावणेआठ मीटर रुंद कॅनव्हासवर गेल्यावरही बदल चालूच. त्याची मैत्रीण, फोटोग्राफर डोरा मार, चित्राचे फोटो काढत होती म्हणून आपल्याला कळतं की आधी त्यात वर उगारलेली मूठ होती, ती त्याने काढून टाकली. फार बरं केलं, नाहीतर पोस्टर झालं असतं. विमान नाही, बॉम्ब नाही, रंग म्हणाल तर काळा-पांढरा-राखाडी.

तर आईचा चेहरा सध्या राहू दे. तिचा चष्मा घ्या, नाहीतर रोजचा डबा, आणि सावली कुठे पडते तेवढंच बघा. आणि या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना दुसरा टाकू नका, चिखल होतो.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला. आम्ही ऐरोलीत राहतो, ही सुट्टी मिळाली की खाडीवर फ्लेमिंगोंची स्केचेस करायला पळते. याचा उपयोग काय विचारलं तर गप्प बसते. तुम्हीच सांगा.

उत्तर : फ्लेमिंगो आणि बोर्डाची परीक्षा एकाच सीझनला येतात यात तिचा काय दोष!

उपयोगाचं म्हणाल तर गेर्निकाने युद्ध थांबलं नाही, १९३९ ला सरकारविरुद्ध उठलेला जनरल फ्रँकोच जिंकला. पण त्याच वर्षी ते लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत लागलं तेव्हा लोक बघायला येताना बुटांचे जोड घेऊन आले, स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्यांना पाठवायला. आता याला उपयोग म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या मुलीकडून मात्र एक समजून घ्या, फ्लेमिंगोचा गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला, आणि खाताना तो चोच उलटी करून पाण्यात घालतो. फोटो काढून निघून जाणाऱ्याला हे दिसत नाही, तासभर रेघा मारत बसणाऱ्याला दिसतं. परीक्षेपुरती सुट्टी कमी करा, स्केचबुक काढून घेऊ नका.

प्रश्न : घोडबंदरला राहतो, ऑफिसमधून दमून येतो, मूडच लागत नाही. आपले चित्रकार गायतोंडेसुद्धा म्हणे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे?

उत्तर : करायचे, पण ते कॅनव्हाससमोर विचार करत बसायचे, तुम्ही मोबाइलसमोर बसता. रविवारी ठाण्यात तलावपाळीला या, पाणीपुरीच्या गाडीभोवतीची माणसं काढा. ती हलत राहतील, तुम्हाला वैताग येईल, येऊ दे, पान उलटा आणि पुढचं काढा.