पेशी नव्हे, रुग्ण मोज

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली, सोबतचा यूमॅपही पाहिला, म्हणजे जनुकांच्या मोजणीवरून सारख्या पेशी जवळजवळ मांडणारा तो नकाशा. सहा रुग्णांच्या कॅन्सरच्या पेशींची सहा बेटं पडली आहेत आणि तुझे गाईड म्हणतात, बॅच इफेक्ट आहे, म्हणजे नमुने वेगवेगळ्या वेळी यंत्रातून गेल्याने आलेला खोटा फरक, पुसून टाक. अगं, पुसण्याआधी नीट बघ तरी! त्याच चित्रात सहाही रुग्णांच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, एकमेकींत मिसळलेल्या आहेत. दोष यंत्राचा असता तर त्याही फुटल्या असत्या. प्रत्येक गाठीत गुणसूत्रांचे वेगळे तुकडे वाढलेले, वेगळे गळालेले असतात. म्हणून कॅन्सरच्या पेशी रुग्णागणिक वेगळ्या पडतात. 2017 साली डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या 18 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. पुसायला निघालीस तो तुझा आजारच आहे.

आणि 'चाळीस हजार पेशी' असं अभिमानाने लिहू नकोस. रुग्ण सहा, म्हणजे नमुना सहाचा. एका घरातल्या शंभर भावंडांना विचारलंस तरी घर एकच ना? प्रत्येक पेशी स्वतंत्र धरलीस तर पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, भुलवण्याइतकी लहान येईल, पण ती खोटी असेल. आधी पेशींमधल्या जनुकांच्या मोजणीची रुग्णागणिक बेरीज कर, मग तुलना. पेशी नाही, रुग्ण मोज.

याच हट्टापायी माझा एक पेपर रखडला. परीक्षकांना आकडा मोठा हवा होता. मी बधलो नाही, आणि आजही बधणार नाही. त्या आकड्यावर विसंबून कुणी औषधाचं लक्ष्य ठरवलं असतं, तर जबाबदार कोण?

कोडिंग तुला येतं, त्याची चिंता नाही. जीवशास्त्र कच्चं आहे म्हणतेस, तर ते पुस्तकात शोधत बसू नकोस. ऑपरेशन थिएटरमधून तुकडा निघाल्यापासून एन्झाइममध्ये पेशी सुट्या होईपर्यंत एकदा सोबत उभी राहा. ऊबदार एन्झाइममध्ये पेशी ताणाखाली येतात, फॉस आणि जुन ही जनुकं चढतात, आणि इथे संगणकावर बसलेल्याला वाटतं, नवी पेशी-अवस्था सापडली! न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तर वाटेतच मरतात. ते तुझ्या तक्त्यात नाहीत म्हणजे गाठीत नव्हते, असं लिहू नकोस.

डीप लर्निंगचं नंतर बघू. आधी तोच यूमॅप रुग्णागणिक रंगवून पाठव. सोबत कोणाची गाठ कुठली, गालाची की जिभेची, तंबाखू होती का, आधी केमो झाली होती का, हेही लिही. माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्टना जाऊन विचार. फोनवर नको, समक्ष जा.

तुझा,
सर