कोल्हापूरला दोन दिवस असतील तर काय बघावं, काय खावं, आणि कोणत्या वेळी?

प्रश्न असा आहे: पुण्याहून शनिवार-रविवार जोडून येताय, अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा ठरलेलं आहे, सोबत वयस्कर आई-वडील आहेत. उरलेल्या वेळात काय करावं आणि इथलं जेवण त्यांना झेपेल का?

झेपेल. तिखटाची ख्याती बाहेरच्या हॉटेलांनी वाढवून ठेवली आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लालभडक भाजी कोल्हापूरच्या घरात शिजत नाही. या शहराला घडवलंय ते पाण्यानं. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी एकत्र येऊन पंचगंगा होते. त्या पाण्यावर ऊस उभा राहतो, उसावर गूळ, वैरणीवर म्हशी, म्हशींच्या दुधावर तालमी. हे डोक्यात ठेवून फिरलात तर दोन दिवसांची आखणी सोपी जाते. पाऊस संपला की बंधाऱ्यांच्या दगडी खांबांमधल्या खाचांत बरगे (फळ्या) बसवून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढतात. देशभर जो ‘कोल्हापुरी बंधारा’ म्हणतात तो हाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बंधारे भरलेले असतात आणि गुऱ्हाळंही चालू असतात, म्हणून जमलं तर त्याच दिवसांत या.

शनिवार-रविवारला माझा थोडा विरोध आहे. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्ट्यांना देवळात रांग लांबते. बुधवार-गुरुवार जमले तर उत्तम. नाहीच जमलं तर शनिवारी दुपारपर्यंत पोचा, देवीचं दर्शन रविवारी पहाटेवर ठेवा आणि टाऊन हॉल संग्रहालय शनिवारीच उरका, कारण सोमवारी ते बंद असतं. आई-वडिलांना उभं राहणं जमत नसेल तर मुखदर्शनाची रांग घ्या. गाभाऱ्याजवळ जाता येत नाही, पण बरीच लवकर सरकते.

दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारा. भिंती ताऱ्यासारख्या कोनाकोनांत पुढे-मागे जातात, म्हणून उन्हाचा कोन बदलला की शिल्पं वेगळी दिसतात. देवीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मागे सिंह आहे. साडी-दागिन्यांमुळे हे एरवी दिसत नाही, त्यामुळे आधी मूर्तीचा फोटो बघून गेलात तर बरं. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांना असतो. वर्षातून दोनदाच का, याचं उत्तर सूर्यात आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला जातो. त्याच्या साधारण ४१ दिवस आधी आणि ४१ दिवस नंतर तो पश्चिम क्षितिजावर एकाच जागी मावळतो, आणि ती जागा महाद्वाराच्या रेषेत येते. सूर्य जसा खाली जातो तशी किरणं आडवी होत मूर्तीच्या पायांपासून वर चढतात. ढग, धुकं, हवेतली धूळ किंवा वाटेतलं उंच बांधकाम आडवं आलं की किरणं कमरेपर्यंतच पोचतात किंवा पोचतही नाहीत. त्यामुळे एकाच संध्याकाळचा बेत करू नका, हाताशी दोन तरी संध्याकाळी ठेवा.

सकाळी मिसळ. कोल्हापुरात तिच्यासोबत ब्रेडचे स्लाइस येतात. मटकी, बटाटा, शेव-चिवडा, कांदा आणि वरून कट. वडीलधाऱ्यांसाठी कट वेगळ्या वाटीत मागा. तर्री वर तरंगत असते, वाटी न ढवळता खालचा रस्सा घेतला की तिखटपणा निम्म्यावर येतो. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, त्यानं जळजळ तोंडभर पसरते. दही किंवा ब्रेडचा तुकडा घ्या.

मटणाचं ताट दुपारी जेवा आणि रविवारी जेवा. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे इथं मटणाचे वार, माल ताजा असतो. खानावळीत बाराला पोचा, एकनंतर ताटकळावं लागेल. आधी पांढरा रस्सा वाटीनं प्या, मग तांबडा, मग सुकं मटण-भाकरी. आई-वडिलांचं पोट पांढऱ्यानं सांभाळलं जातं. बहुतेक ठिकाणी रस्सा हवा तेवढा वाढतात.

चांगला पांढरा रस्सा ओळखायचा तर तो होतो कसा हे माहीत हवं. १ किलो हाडाचं मटण, आलं-लसूण आणि मीठ घालून सुमारे २ लिटर पाण्यात शिजवतात. हे अळणी पाणी म्हणजे दोन्ही रश्श्यांचा पाया. पांढऱ्यासाठीचं अळणी हळद न घालता करावं, नाहीतर रस्सा पिवळट होतो. तीळ आणि भिजवलेली खसखस प्रत्येकी २ चमचे आणि १०-१२ काजू बारीक वाटायचे. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी आणि दोन हिरव्या मिरच्या टाकून त्यात वाटण मंद आचेवर परतायचं. त्याचा रंग बदलला की पांढरेपणा गेला. मग लिटरभर गरम अळणी घालून उकळी आणायची आणि आच अगदी कमी करून शेवटी एका नारळाचं घट्ट दूध. यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. नारळाचं दूध फाटतं आणि वर तेलाचे थेंब, खाली चोथा दिसतो. ताटात असा फुटलेला रस्सा आला तर तो सकाळपासून पुन्हा पुन्हा गरम केलेला आहे. लापशीसारखा दाट आणि जिभेला चिकटणारा असेल तर त्यात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर आहे. खरा पांढरा रस्सा पातळच असतो. तांबड्यात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण मसाला असतो. रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा, म्हणून तो दिसतो तेवढा जाळत नाही.

आता गुऱ्हाळ. माझ्या मते दोन दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि बहुतेक पाहुणे तिच्याशेजारून गाडी पळवत पन्हाळ्याला जातात. करवीर, पन्हाळा, कागल तालुक्यांत हंगामात रस्त्यालगत धूर दिसतो, तिथं वळा आणि आधी परवानगी विचारा. चरकात ऊस पिळून रस काहिलीत येतो, खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळतात. रस तापला की भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. ते रसातला गाळ धरून वर आणतं, ही मळी झाऱ्यानं काढत राहावी लागते. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो आणि टिकत नाही. रस फसफसून वर आला की थोडं तेल टाकून फेस बसवतात. साधारण अडीच-तीन तासांत एक आदण उतरतं. १०५ अंशांच्या आसपास असताना काढून घेतली ती काकवी, ११८ अंशांपुढे गेला की गूळ. थर्मामीटर नसला तरी गुळव्याचं चुकत नाही. तो थेंब गार पाण्यात टाकतो, कडक गोळी झाली की काहील उतरवा म्हणून सांगतो. मग पाक वाफ्यात (उथळ हौदात) ओततात, घोटतात आणि कापड लावलेल्या साच्यात ढेपा भरतात. १ टन उसाला १०० ते १२० किलो गूळ पडतो.

गूळ बसतच नाही, असंही होतं. ऊस तोडून दिवसभराच्या वर पडून राहिला की त्यातल्या साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ते कणी धरत नाही. कोवळा ऊस किंवा खारवट जमिनीतला ऊस असला तरी हीच गत, शिवाय चव खारट. विकत घेताना पिवळाधमक, चकचकीत गूळ टाळा, तो रंग बहुतेक वेळा रंग उजळवणाऱ्या हायड्रोस पावडरचा असतो. तांबूस किंवा चॉकलेटी, कणीदार गूळ घ्या. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण कोणत्याही ढेपेवर ‘कोल्हापुरी’ लिहिता येतं, म्हणून गुऱ्हाळावरून घेतलेला बरा. काकवीसाठी स्वच्छ कोरडी काचेची बाटली न्या. लहान मुलांना काहिलीजवळ जाऊ देऊ नका, उकळता पाक अंगाला चिकटून भाजतो.

संध्याकाळी गंगावेशीला जा. इथं म्हशी कट्ट्यावर आणून समोर धार काढून दूध देतात. पैलवानांच्या शहराची ही जुनी रीत आहे आणि ती बघायलाच हवी. पण धारोष्ण दूध न तापवलेलं असतं, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. वयस्कर माणसांना, लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊ नका. घ्यायचंच तर सोबत नेऊन उकळून प्या. तालमीत जाणार असाल तर पहाटे किंवा संध्याकाळी सरावाच्या वेळी जा, चपला बाहेर काढा, हौद्याच्या (कुस्तीच्या आखाड्याच्या) मातीत पाय ठेवू नका आणि वस्तादांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

शनिवारचा दुपारनंतरचा वेळ शाहू महाराजांच्या शहरासाठी ठेवा. राजवाड्यातले रथ आणि पेंढा भरलेले वाघ बघून महाराज कळत नाहीत. दसरा चौकात उभे राहा. आसपास वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेली वसतिगृहं आहेत. १९०१ मध्ये याची सुरुवात झाली, १९०२ च्या जुलैत संस्थानात ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या गेल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं झालं. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळाल्याशिवाय शाळा-नोकरीचे हुकूम कागदावरच राहतात, हे महाराजांनी ओळखलं होतं. तिथून भाऊसिंगजी रोडनं चालत या. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं चहाचं दुकान होतं. राजवाड्याच्या पागेत नोकरी करताना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना दुकान काढून दिलं, तिथं गाडी थांबवून स्वतः चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. एवढं पाणी असलेल्या गावात हौदाला कोणी हात लावायचा हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एका कप चहानं भररस्त्यात दिलं गेलं. १९२० च्या मार्चमध्ये हातकणंगले तालुक्यातल्या माणगावच्या परिषदेत महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले, ते याच वाटेनं पुढे.

टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती शोधून बघा. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि रोमन व्यापाराचा माल पंचगंगेच्या काठी पोचला होता. खासबाग मैदान जवळच आहे. कुठूनही बसलं तरी मधली कुस्ती दिसावी म्हणून बैठक गोल आणि चढती आहे.

रविवारी जेवल्यावर पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही करू नका. दोन्हीकडे चढ-उतार आहेत आणि आई-वडील थकतील. पन्हाळा घेतला तर तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना एवढं नीट बघा. सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांच्या आसपास चालला तरी गड लगेच का पडला नाही, हे धान्याची कोठारं आणि विहीर बघितल्यावर कळतं.

गाडी असेल तर पन्हाळ्याऐवजी खिद्रापूर घ्या, असं मी सुचवेन. कुरुंदवाडमार्गे सुमारे ६० किलोमीटर. वाटेत कृष्णा-पंचगंगा संगमावर नृसिंहवाडी लागते, तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि वरचं छत मधोमध गोल उघडं आहे. दुपारी बाराच्या आसपास तिथून उजेड थेट खालच्या गोल शिळेवर पडतो, त्रिपुरी पौर्णिमेला रात्री चंद्र त्यात येतो. देवळासमोर नंदी नाही हे लक्षात येईल. जमीन सपाट आहे, वयस्करांना सोपं जातं.

चप्पल घ्यायची तर शिलाई बघा. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाकला की डाग गडद होतो, रेक्झिनवर तो नुसता ओघळतो. नवी चप्पल अंगठ्याला आणि तिच्या कानाजवळ (बाजूच्या पट्टीजवळ) चावते. तिथं आतून एरंडेल किंवा खोबरेल लावून रात्रभर ठेवा आणि पहिले काही दिवस घरातच तासभर घाला. भिजली तर उन्हात टाकू नका, कडक होऊन तडकते. सावलीत वाळवा.

जुलै-ऑगस्टमध्येच यायचं असेल तर निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या पुढे पाणी चढत असेल तर खिद्रापूर-नृसिंहवाडी रद्द करा. २०१९ सारखा पूर आला तर पुण्याचा महामार्गही शिरोलीजवळ बंद होतो, त्यामुळे परतीचं रद्द करता येणारं तिकीट आणि औषधांचा दोन दिवस जादा साठा सोबत ठेवा.