रत्नागिरीच्या दमट हवेत घरी बनवलेला सौर कुकर चालेल का?

चालतो, पण साधारण नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात त्याचा विचारच करू नका. दमटपणापेक्षा ढग जास्त नडतात, कारण भांडं तापायला थेट ऊन लागतं.

पहिल्यांदा पेटीचाच करा. प्लायवुडची बाहेरची पेटी, आत काळा मॅट रंग दिलेला पत्र्याचा ट्रे, दोन्हींत चारही बाजूंनी आणि तळाशी किमान 5 सेंटिमीटर जागा. वर थोडं अंतर ठेवून दोन काचा आणि झाकणाला आरसा. मधल्या जागेत थर्माकोल मुळीच नको, उष्णतेने तो वितळतो. आपल्याकडे भाताचा तूस किंवा काथ्या सहज मिळतो. मात्र भरण्याआधी खळ्यात चांगला कडकडीत वाळवा. ओल राहिली तर काचेवर आतून पाणी धरतं आणि अर्धी उष्णता तिथेच जाते. रंगाचा वास जाईपर्यंत पेटी रिकामीच तापवा.

किनाऱ्याजवळ खरा शत्रू खारा वारा. आरशाच्या कडांना सिलिकॉन लावा, नाहीतर मागचा मुलामा काळा पडत जातो. पत्रा गॅल्व्हनाइज्डच घ्या.

भांडी पातळ अॅल्युमिनियमची, बाहेरून काळी, झाकणासकट. पाणी गॅसपेक्षा कमी घाला. सकाळी दहाच्या आत लावलात तर वरण-भात दोन-तीन तासांत होतो, फक्त झाकण सारखं उघडू नका. कुळीथ, चवळी रात्री भिजवून लावा, सुरेख मऊ शिजतात! भाकरी, तळण मात्र चुलीवरच. काढताना जाड फडकं वापरा, भांडं चांगलंच पोळतं.