बेळगावच्या चर्चमध्ये माझ्या मिझो बायकोला सामावून घेतील का? आणि चर्चमध्ये वंशभेद असतो का, की ते अमेरिकेतलं खूळ?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्याचे मराठी ख्रिस्ती, बायको मिझो, बँकेच्या बदलीवर बेळगावला येताय, आणि पुण्यात चर्चच्या दारात कुणी "नेपाळी का?" म्हणून विचारल्यापासून ती रविवारी घरीच बसते.

चर्चचं आधी सांगते. मिझो म्हणजे बहुतेक प्रेस्बिटेरियन पंथाचे, नाहीतर बाप्टिस्ट. प्रेस्बिटेरियन असेल तर कॅम्पातलं सेंट मेरीज बघा. ते सीएसआयचं, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे, आणि १९४७ ला सीएसआय झाली तेव्हा अँग्लिकनांबरोबर प्रेस्बिटेरियनही तिच्यात आले, म्हणून उपासना तिला अगदीच परकी वाटायची नाही. मराठी उपासना हवी असेल तर मेथडिस्टांकडे चौकशी करा. त्यांचं काम जुनं आहे. १८२० मध्ये लंडन मिशनने सुरू केलं आणि १९०४ ला अमेरिकन मेथडिस्टांकडे दिलं. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, शिवाय मेडिकल कॉलेजात मलेशियाची पोरं, त्यामुळे वेगळा चेहरा दिसला म्हणून कुणी वळून बघत बसत नाही. खानापूरकडे मात्र बघतील.

आता ते "अमेरिकेतलं खूळ". हे वाचलं आणि भाजी तशीच टाकून लिहायला बसले. माझ्या मावसभावाचं हे लाडकं वाक्य आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आम्ही कॅथोलिक, घरात कोकणी, शाळा मराठी, कचेरीत कन्नड. चर्चमध्ये या तिन्ही भाषांची कायम मारामारी. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, कुठल्या रविवारी कुठल्या भाषेत, कोयरला कुठली गाणी, बोर्डावर वरची ओळ कुणाची. एकदा तर प्रोसिडिंगची, म्हणजे बैठकीच्या ठरावांची, वही मराठीत लिहायची की कन्नडमध्ये यावर बैठकांवर बैठका झाल्या. मराठीवाल्यांचा पुढारी दादा. १९८६ च्या आंदोलनात कन्नडसक्तीविरुद्ध उतरून तो तुरुंगात बसून आलेला. "आमच्याच मातीत आम्हाला परकं करून सोडलंय," हे त्याचं भाषण मला पाठ आहे, आणि ते खोटंही नाही. शेवटी वही मराठीत ठरली आणि मी नुकतीच मराठी शाळेत शिकवायला लागले होते म्हणून ती माझ्या गळ्यात पडली.

आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, सिद्दी घरं आहेत. बेळगावकडच्यांनाही सिद्दी नीट माहीत नसतात, तुम्हाला पुण्यात कुठून असणार! आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्याला आणलेल्यांपैकी जे पळून घाट चढले, त्यांचे बरेचसे वंशज आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, खानापूरच्या रानात आहेत. पोर्तुगालने गुलामगिरी कायद्याने संपवली १८६९ मध्ये, म्हणजे ही काही पुराणातली गोष्ट नव्हे. काही सिद्दी हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. आमच्याकडचे ख्रिस्ती आमचीच कोकणी बोलतात, आडनावं आमच्यासारखीच पोर्तुगीज, बाप्तिस्म्याची नोंद त्याच जाड रजिस्टरात.

फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, मिरवणुकीत दमाम वाजवायला त्यांना बोलवायचेच. दमाम म्हणजे त्यांचा ढोल. तो चर्चच्या दारापर्यंत वाजायचा आणि तिथे थांबायचा. मिस्साला ती मंडळी शेवटच्या बाकांवर. "बसा मागे" असं कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. सांगावं लागतच नव्हतं.

आमच्या फेस्ताला दरवर्षी एका घराला प्रेसिदेंत करतात. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना), सजावट, आणि मिस्सानंतर सगळ्या गावाला जेवण त्या घराचं. मोठा मान. त्या वर्षी एका सिद्दी घराने नाव दिलं. त्यांचा पोरगा क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांसाठी काढलेल्या योजनेत पळण्यासाठी निवडला गेलेला, पुढे त्यातूनच नोकरी लागलेली, घरात चार पैसे आलेले. आमचे लोक त्या पोराचं कौतुक करायचे ते ऐकण्यासारखं होतं. "त्यांच्या रक्तातच असतंय ओ ते." पोरगा पहाटे उठून पळायचा ते कुणाच्या बोलण्यात नाही.

बैठक बसली. भाषेवर रात्र रात्र भांडणारी माणसं, पण हा विषय चहा येईपर्यंत संपत आला. नाही असं एकानेही म्हटलं नाही. एक म्हणाला, त्यांना खर्च झेपायचा नाही. झेपतो म्हणून त्या घरानेच सांगितलेलं. दुसरा म्हणाला, बायका जेवायला बसतील की नाही बघा. मग खजिनदार, म्हणजे दादा, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काही जणांना अवघड वाटेल. आपलं फेस्त आपण करूया, त्यांचं दुसऱ्या दिवशी वेगळं ठेवूया. त्यांनाही मोकळं वाटेल."

मी विचारलं, "काही जण म्हणजे कोण? वहीत नावं लिहावी लागतील."

"कशाला गा नावं? असंच लिहून सोड."

मी म्हटलं, असंच लिहिता येत नाही. ठराव मांडला कुणी, अनुमोदन कुणाचं, अवघड कुणाला वाटतं, सगळं लिहीन. मराठीत लिहीन, तुम्हीच तर भांडून मराठी करून घेतलीत. फादर मंगळूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, ते खाली बघून हसत होते. अवघड वाटणाऱ्यांपैकी एकाही नावाला तोंड फुटेना. शेवटी फादरच म्हणाले, मग यंदाचे प्रेसिदेंत ठरले, पुढचा विषय घ्या. मी लिहून टाकलं.

फेस्त झालं. त्या वर्षी दमाम दारात थांबला नाही, अर्पणाच्या वेळी आत आला, आणि आमच्या चर्चच्या कौलांना तो आवाज पेलेल का असं वाटत होतं. जेवणाचं मात्र वेगळं झालं. मिस्सा संपली तशी बरीच मंडळी घाईत निघाली, कुणाची गाय व्यायलेली, कुणाकडे पाहुणे. सान्नां आणि सोरपोतेल उरलं. ते उरलेलं जेवण बघून यजमानीण बाई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरणार नाही. दादाला नेमका ताप चढला. वहिनी मात्र आली, पंगतीत बसून जेवली, आणि जाताना दादासाठी डबा भरून घेऊन गेली. डबा रिकामा परत आला.

दादाचं म्हणणं आजही तेच. "मी कुठं नाही म्हटलं? आणि तो काही वंशभेद नव्हे, राहणीमानाचा फरक. गोरे-काळे ते अमेरिकेत." बरं दादा. भाषा वेगळी म्हणून मिस्सा वेगळी, हे मला समजतं. सिद्द्यांची भाषा आपलीच, संत तोच, फादर तोच. मग वेगळं काय उरलं ते तूच सांग.

पुढे वाचनात आलं की दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ मध्ये ठरवलं होतं: गोऱ्या-काळ्यांनी एकत्र उपासना करणं चांगलं आणि शास्त्राला धरूनच आहे, पण "काहींच्या दुर्बलतेमुळे" वेगळी सोय करायला हरकत नाही. त्या सोयीतून पुढे काळ्यांची वेगळी चर्चेसच झाली, आणि अपार्थाइडला, म्हणजे तिथल्या सरकारी वंशभेदाला, धर्माचा आधार द्यायला तीच उपयोगी पडली. जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसच्या संघटनेला त्याला पाखंड म्हणायला १९८२ उजाडलं. त्या ठरावातही नावं नव्हती, नुसते "काही". मी हे झेरॉक्स करून दादाला दिलं होतं. त्याने वाचलं नाही.

जातीचं म्हणाल तर, भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये लेखी कबूल केलंय की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. हे बिशप बोलले म्हणून सांगते, मी बोलले की भांडखोर ठरते.

तुम्ही विचारलंय की खरी एकत्र संगत कशी होते. गलतीकरांस ३:२८, म्हणजे ख्रिस्तात सगळे एकच हे वचन, फलकावर रंगवून होत नाही, आणि वर्षातून एकदा सगळ्या भाषांत एकेक कडवं गाऊनही होत नाही. आमच्याकडे तोही प्रकार झालाय, फोटो छान येतात. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. पहिल्या मंडळीतली कुरबुर वाढपावरूनच होती, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलत होते. तेव्हा त्यांनी सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार त्यांच्या हातात पळी दिली. म्हणून तुमच्या बायकोचं स्वागत किती गोड झालं ते पहिल्या रविवारी मोजू नका. काही महिन्यांनी तिला वाचन देतात का, महिला मंडळात पैशांचा हिशेब देतात का, आणि तुमच्या घरी जेवायला बोलावलं तर येतात का, ते बघा. पुन्हा कुणी "नेपाळी का?" विचारलं तर उत्तर तुम्ही देऊ नका, तिला देऊ द्या.

आता उरलेलं. आमच्या पॅरिशमध्ये आज सिद्दी मुली कोयरमध्ये पुढे उभ्या राहून गातात, म्हणजे सगळं तिथेच थिजलेलं नाही. सिद्द्यांना सरकारने उत्तर कन्नडात २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं, बेळगाव-धारवाडकडच्यांना २०२० मध्ये. शिकलेली पोरं आता आम्हालाच चार गोष्टी सुनावतात. दमाम वाजवायला बोलावलं की "पाहुण्यांपुढे नाचायला आम्ही काय प्रदर्शन?" असं एकाने तोंडावर विचारलं, आणि त्याचंही बरोबरच आहे. मेथडिस्टांकडे मी लग्नांपुरतीच गेलेय, त्यांच्या आतलं मला विचारू नका. आणि सीमाभागातल्या मराठी माणसावर अन्याय झाला नाही असं मी म्हणत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांत तेच सुरू होईल.

दादा इथे वाचतो, नातवाने त्याला खातं काढून दिलंय. दादा, वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी कुणाला अवघड वाटलं ते अजूनही सांगितलंस तर लिहून घेईन, जागा सोडून ठेवलीय.