आमचा मेकॅनिक फार तोडून बोलतो, पण काम चोख करतो. अशा माणसाशी तुमचा कधी संबंध आलाय का?

आलाय की. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या बाजूला एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडायचं नाही. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही तेच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात मामा वारले.

गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणायची पद्धत त्यांच्याकडं नव्हती. गाडी स्टँडवर लावायच्या आत पहिला प्रश्न यायचा, "कुणाला चालवायला दिलीवतीस?" गाडी आपोआप बिघडते ह्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. कुणीतरी माणसानंच काहीतरी केलेलं असणार, आणि तो माणूस बहुतेक समोरच उभा असणार.

आमच्या घरी वडिलांची येझदी रोडकिंग मोटरसायकल आहे. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्येच मिसळायचं लिटरला चाळीसेक मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला आणि तेव्हापासून ह्या गाडीचे पार्ट म्हणजे शोधमोहीमच झाली. मामांनी मॅग्नेट आणि क्लच काढायचे पुलर उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून स्वतः उभं राहून करून घेतले होते. ते एका पत्र्याच्या पेटीत, ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळलेले असायचे. पेटीला पोरांनी हात लावलेला चालायचा नाही.

काम करताना बघण्यासारखा माणूस. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग टोक इंचभर सरकवायचं, परत ऐकायचं. त्या वेळी कुणी खोकलं तरी खैर नव्हती. मग स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून सांगायचे, "क्रँकचं बेअरिंग चाललंय. दिवाळीपर्यंत दम धरंल." आणि धरायचंही. प्लग काढला की आधी उजेडात बघायचे: चहाच्या रंगाचा असला तर गप, काळा काजळीचा असला तर कार्बोरेटरवर, आणि पांढरट पडलेला असला तर मालकावर घसरायचे. "प्लग म्हंजे गाडीची जीभ. डॉक्टर काय बघतोय आधी?"

मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मामा सगळ्यांवर खेकसत नव्हते. ज्यांना ते "साहेब, होऊन जाईल, संध्याकाळी या" असं गोड बोलायचे, त्यांचं बिल तगडं यायचं. शिव्या फक्त आपल्या माणसाला. गल्लीतला एखादा मुलगा नवीन घेतलेली यामाहा आरएक्स 100 मिरवत आला, सायलेन्सरची जाळी काढून आवाज वाढवून दे म्हणाला, की त्याच्या बापाचं नाव घेऊन उद्धार व्हायचा आणि गाडी आहे तशी परत. तोच मुलगा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता तेव्हा क्लचची केबल मामांनी फुकट घातली. तोंड चालूच होतं.

दूधवाल्यांचा नंबर मात्र कायम पहिला. चिखली, आंबेवाडीकडनं कॅन लटकवून येणाऱ्या गाड्या. आम्ही सकाळपासून बसलेले असलो तरी दूधवाला आला की आमची गाडी अर्धी खोललेली तशीच राहायची. कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, "तुझं पेट्रोल नासतंय का उन्हात?"

2019 च्या ऑगस्टमधला महापूर इथल्या कुणी विसरणार नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलेलं. महामार्ग बंद, शाहूपुरीत बोटी. पाणी उतरल्यावर मामांच्या दारात चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग लागली. सगळ्यांची चूक एकच: गाडी बाहेर काढल्या काढल्या बटण दाबून बघितलेलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मामा ओरडून ओरडून घसा बसवून घेत होते आणि हात थांबत नव्हते. प्लग काढायचा, किक मारून पाणी बाहेर काढायचं, दुधासारखं पांढरं झालेलं ऑइल सोडायचं, स्वस्तातलं ऑइल भरून थोडा वेळ इंजिन फिरवायचं, तेही सोडायचं, मग नवीन भरायचं. पूरवाल्यांकडनं फक्त ऑइलचे पैसे घेतले. मजुरी विचारली की म्हणायचे, "घरातला चिखल काढलास का? मग हितं काय करतोयस?"

आता दुसरी बाजू. त्यांच्या हाताखालच्या पोरांना फार त्रास झाला. पाना फेकून मारायचे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. एक चांगल्या हाताचा पोरगा त्यापायीच सोडून गेला आणि कळंब्याकडं स्वतःचं गॅरेज टाकलं. मामांनी माफी वगैरे मागितली नाही. ते शब्द त्यांच्या तोंडून फुटलेच नसते. पण एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे प्रदूषणाचे नवे नियम आले, नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आणि सेन्सर आले, फॉल्ट स्कॅनर लावून वाचायची वेळ आली. तेव्हापासून तसली गाडी दारात आली की मामा हात न लावता सांगायचे, "कळंब्याला त्या गाढवाकडं जा. त्येला जमतंय." पत्ता नीट समजावून द्यायचे, वर "मी पाठवलंय म्हणून सांगू नको" हेही.

तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, तुमचा मेकॅनिक तुमच्यावर खेकसत असेल तर एकदा बघा, अनोळखी गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो. फरक दिसला तर गाडी तिथंच ठेवा. सगळ्यांवरच खेकसत असेल तर तो नुसताच तिरसट आहे, दुसरा बघा.

मामांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं दुकान रिकामं केलं तेव्हा पुलरची ती पेटी कळंब्याला पोचती केली, मामांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. आमची येझदी आता तिकडंच जाते. वडिलांना पोराचं काम पटतं. फक्त तो "काका, बसा, चहा सांगतो" असं अदबीनं बोलतो, त्यामुळं बिल ते दोनदा वाचतात.